स्लीव्हचं ऑपरेशन झालंय, पोट साफ होईना. अनुभव असेल त्यांनी सांगा

सीताफळवाली

नमस्कार मंडळी. विषय अवघड जागेचा आहे, पण घरात कोणाशी मोकळं बोलायची सोय नाही म्हणून इथं लिहायलेय. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल पुढच्या धाग्यावर जावं.

मी अंबाजोगाईकडची. वजन, शुगर आणि गुडघे या तिघांनी मिळून बेजार केलं होतं. शेवटी संभाजीनगरला जाऊन स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवायला जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, करून घेतलं. दुर्बिणीतून झालं, टाके लहान आहेत, दुखणं आटोक्यात आहे. दुसरा आठवडा चालू आहे आणि अजून सगळं पातळच. वरणाचं गाळलेलं पाणी, ताक, प्रोटीन पावडर. भूक म्हणाल तर लागतच नाही.

अडचण अशी की पोट साफ होत नाही. घरी आल्यावर एकदा झालं, तेही खडे. त्यानंतर नुसतं जाऊन बसायचं आणि उठून यायचं. कुंथायची भीती वाटते, टाके आहेत. पोट फुगल्यासारखं राहतं, गुरगुर होते, वारा सरतो, पण पुढं काही नाही. डिस्चार्जच्या वेळी खाण्यापिण्याचा चार पानी तक्ता दिला, त्यात संडासबद्दल एक ओळ नाही. फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, "मॅडम, खाताच कुठे तुम्ही, होणार कसं?" हे काय उत्तर झालं का?

सासूबाईंनी एरंडेलाची बाटली काढून ओट्यावर ठेवलीय. रोज सकाळी आधी बाटलीकडं बघतात, मग माझ्याकडं.

ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांनी सांगा, असं तुम्हाला झालं का? किती दिवस चालतं? आणि आमच्याकडं खाली बसायचा संडास आहे, कमोड नाही. बसलेलं चालतं का?

नांदेडी_नाना

पोरी, सासूबाईचं ऐक. दोन चमचे एरंडेल कोमट दुधातून, सकाळपर्यंत कोठा साफ. आमच्या मायनं आम्हा सगळ्या भावंडांना पाजलं, कोणाला काय झालं? एवढ्या गोळ्या आधीच चालू असतील, त्यात अजून एक कामून वाढवायची?

वॉर्डातली_सिस्टर

ताई, आधी ती बाटली ओट्यावरून उचला. सासूबाईंना सांगा, सिस्टरनं सांगितलंय.

नाना, राग मानू नका, पण तुमच्या आईनं ज्यांना पाजलं त्यांची जठरं अखंड होती. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा, बहुतेकदा त्याहून जास्तच, कापून काढतात. उरते ती एक अरुंद नळी आणि तिला वरपासून खालपर्यंत स्टेपलची शिवण. दुसऱ्या आठवड्यात ती शिवण अजून कच्ची असते. एरंडेलानं पोटात कळा येतात, जुलाब होतात, मळमळून उलटी झाली तर वेगळाच ताण. आणि ज्या बाईला दिवसभरात दीड लिटर पाणी पोटात घालताना नाकी नऊ येतात, तिच्या अंगातलं पाणी असं वाया घालवायचं?

मी बॅरिॲट्रिकच्या, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनांच्या वॉर्डात काम करते. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पेशंटला असतो आणि राउंडला सहसा कोणी विचारत नाही. साहेब समोर असले की पेशंट लाजतो, साहेब पुढच्या खाटेकडं गेले की माझी बाही ओढतो.

आता का होतं ते. ऑपरेशनच्या आधी लिव्हर आक्रसावं म्हणून तुम्हाला पातळ आहारावर ठेवलं असेल. म्हणजे आतड्यात मुळात काही फारसं नव्हतंच. त्यावर भूल. मग दुखण्यासाठी ट्रामाडॉलसारखं औषध आणि उलटी होऊ नये म्हणून ऑन्डान्सेट्रॉन. या दोन्हींनी आतडं मंदावतं. उलटीच्या गोळीनं खडा होतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, घरी जाऊनही "मळमळतंय" म्हणून ती घेत राहतात. पुढं लोह आणि कॅल्शियम सुरू होतं, ते दोन्ही पोट बांधणारं. चोथा नाही, पाणी कमी, चालणं कमी. एवढं सगळं एकत्र आल्यावर व्हायचं तेच होतंय.

ऑपरेशननंतर पहिली शी तीन ते पाच दिवसांनी झाली तरी आम्ही घाबरत नाही. पुढंही रोज झालीच पाहिजे हा आग्रह सोडा. दिवस मोजण्यापेक्षा कडक आहे का मऊ ते बघा. दोन-तीन दिवसांनी मऊ होत असेल तर तुमचं ठीक चाललंय. खडे होतायत म्हणजे काहीतरी करायला हवं.

काय करायचं? रिसेप्शनला फोन करू नका. फाईलवर आहारतज्ज्ञांचा किंवा कोऑर्डिनेटरचा नंबर असतो, तिथं करा आणि स्पष्ट शब्दांत सांगा, "इतके दिवस झाली नाही, खडे आहेत, वारा सरतोय, उलटी नाही." या चार गोष्टी सांगितल्या की समोरच्याला अंदाज येतो. बहुतेक वेळा लॅक्टुलोजचं सिरप किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. दोन्ही आतड्यात पाणी ओढून मऊ करणारी आहेत. लॅक्टुलोजनं गॅस जास्त होतो, म्हणून मला स्वतःला पावडर बरी वाटते. पण ती ग्लासभर पाण्यात विरघळवायची असते आणि तुम्हाला ग्लास एका दमात जाणार नाही, तेव्हा घोट घोट करत संपवा. डोस डॉक्टर सांगतील तोच.

इसबगोल आत्ता नको. ते पाणी शोषून फुगतं. वर भरपूर पाणी प्यायलं तरच उपयोगी, नाहीतर त्याचाच गोळा होतो. पुढं दोनेक महिन्यांनी, पाणी नीट जायला लागलं की विचारून सुरू करा. ते गुलाबी, दुधाळ, पॅराफिनवालं सिरप मेडिकलवाला न विचारता हातात देईल. एखाद्या वेळी ठीक, पण लिक्विड पॅराफिन रोजचं झालं तर ए, डी, ई, के ही तेलात विरघळणारी जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. आधीच तुमची त्यांची मारामार.

खाली बसायला हरकत नाही, उलट त्या बसण्यात आतड्याचा मार्ग सरळ होतो. पण तुमचे गुडघे दुखतायत म्हणता, तर उठताना धरायला भिंतीत कडी किंवा समोर जड स्टूल असू द्या. कमोड असेल त्यांनी पायाखाली पाट घ्यावा. आणि कुंथू नका. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर सरळ उठून या. भोकं लहान असली तरी आतला थर भरायला वेळ लागतो, जोर केला तर तिथं हर्निया होऊ शकतो. याच कारणानं पाण्याचा हंडा, घागर, सिलिंडर काही उचलायचं नाही. टँकर आला म्हणून धावत गेलेल्या बाया पाहिल्यात मी.

नांदेडी_नाना

बरं बाई, एरंडेल मागं घेतो. त्रिफळा?

वॉर्डातली_सिस्टर

पहिले दोन महिने नाही. नंतर डॉक्टरांना विचारून. तोपर्यंत नानांनी स्वतः घ्यावं.

नांदेडी_नाना

मी तर रोजच घेतो 😄

तांबडी_तर्री

सीताफळवाली ताई, तुमचं होईना म्हणून तुम्ही रडायल्या, आमचं थांबेना म्हणून आम्ही. लातूरहून लिहितोय. माझं मिनी बायपास झालंय. जठराची लहान पिशवी करून ती खाली छोट्या आतड्याला जोडतात, मधलं जवळजवळ दोन मीटर आतडं अन्नाच्या वाटेतून बाद. त्यामुळं अन्न पुरतं पचायच्या आधीच खाली येतं. पहिला महिना दिवसातून चार-पाच वेळा पातळ. आणि वास! बायको म्हणाली, "तुम्ही गेल्यावर अर्धा तास त्या बाजूला कोणी फिरकत नाही." ती सांगते ते खोटं नाही.

म्हणून इथं सल्ला देणाऱ्यांनी आधी ऑपरेशन कोणतं ते विचारत जा. स्लीव्हवाल्याचा उपाय बायपासवाल्यानं केला तर बसस्थानकावर इज्जत जाईल.

माझ्या बाबतीत तीन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे प्रोटीन पावडर. मी साधी व्हे घेत होतो, त्यात दुधातली साखर असते. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना दूध पचेनासं होतं, काहींचं पुढं आपोआप सुधारतं. आहारतज्ज्ञांनी व्हे आयसोलेट दिली, तिच्यात ती साखर फार कमी. निम्मी धावपळ तिथंच थांबली. दही-ताक मात्र मला पहिल्यापासून पचतं.

दुसरी, शुगरफ्री गोळ्या-चॉकलेट. तोंडाला चव नाही म्हणून खात होतो. पाकिटावर माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते जुलाब लावतात. धडधाकट माणसालाही लावतात, आपली तर गोष्टच सोडा.

तिसरी म्हणजे तेल आणि शेंगदाणा. नाव बघा माझं. आमच्याकडं भाजीत कूट नाही तर भाजी नाही. पिवळट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी आणि पाणी टाकलं तरी चिकटून राहणारी शी दिसली की समजायचं, चरबी पचलेली नाही. मऊ आहाराला आल्यावर घरच्यांनी येसर आमटी केली होती, वर तेलाचा तवंग. डॉक्टरांनी सांगितल्यावर तवंग काढून, कूट बंद करून तीच आमटी आता खातो. वास पूर्ण गेला असं नाही, पण माणसात बसता येतं.

स्पष्टवक्ता

आधी मन मानेल तसं खायचं, मग लाखो रुपये घालून पोट कापून घ्यायचं आणि मग संडास होत नाही म्हणून धागे काढायचे. तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती. राग येईल पण खरं आहे.

हुलग्याचं_माडगं

राग नाही आला, कंटाळा आला. हे आम्ही लग्नात, बारशात, एसटीत सगळीकडं ऐकून बसलोय. अमेरिकेची आणि जागतिक अशा दोन्ही बॅरिॲट्रिक संघटनांनी २०२२ मध्ये मिळून सांगितलंय की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार असो नसो, ऑपरेशनचा सल्ला द्यावा. आशियाई लोकांना २७.५ पासूनच ते देऊ करावं, कारण आपल्याला कमी वजनावरच शुगर धरते. तुमच्या ताब्याबद्दल अभिनंदन. आता विषयाकडं.

सीताफळवाली, माझं स्लीव्ह जुनं झालं, मी जालन्याची. ऑपरेशन ऐन मे महिन्यात, घरात कूलर घरघरतोय, बाहेर ४२-४३. त्या दिवसांत माझं पण असंच अडलं होतं आणि कारण होतं पाणी. मला वाटायचं मी पितेय. बहीण आली आणि तिनं एक लिटरची बाटली भरून समोर ठेवली, म्हणाली, दिवसभर यातूनच पी. संध्याकाळी बाटली अर्ध्याच्या वर होती. घोट घेतले की छातीत भरून यायचं आणि आपण समजायचं की पुष्कळ प्यालो.

मग मी काय करायचे सांगते. कफ सिरपच्या बाटलीवर जे प्लास्टिकचं टोपण येतं ना मापाचं, ते धुऊन घेतलं. दोन-तीन मिनिटांनी एक टोपण. पेला हातात घेतलाच नाही, पेला दिसला की जीव दडपायचा. माठातलं पाणी छातीत अडकायचं, कोमट लवकर उतरायचं. काहींना उलटं असतं, करून बघा. लघवी फिकट पिवळी होईस्तोवर पाणी पुरेसं नाही असं धरायचं, ही खूण चुकत नाही. फक्त मल्टिव्हिटॅमिन घेतल्यावर दोनेक तास ती गर्द पिवळी होते, त्याला घाबरू नका.

जेवणाच्या अर्धा तास आधी पाणी बंद, जेवणानंतर अर्धा तास बंद. यातच दिवस संपतो. म्हणून घोट घेण्याचं काम उठल्यापासून सुरू करायचं.

पुढं घट्ट, घोटलेलं खायची परवानगी मिळाली की आपलं जुनं खाणं कामी येतं. माझं नाव उगाच नाही. हुलगे भिजवून शिजवायचे आणि त्याचं कढण गाळून घ्यायचं. पहिल्यांदा फक्त पाणी, मिरची नाही, जिरं-मीठ. नंतर घोटून. त्याच्या पुढच्या टप्प्यात ज्वारीच्या कण्या ताकात, इतक्या शिजवायच्या की चमच्यावरून घसरल्या पाहिजेत. पपई कुस्करून. दुधी, दोडका सालं काढून घोटलेला. भाकरी लगेच नको, दीड-दोन महिन्यांनी, तीही पापुद्रा काढून ताकात कुस्करलेली. मेथी-अंबाडीचे देठ, पेरू, कच्ची काकडी, कोंडा यांच्या वाट्याला उगाच जाऊ नका. "चोथा खा, चोथा खा" म्हणणारे चिक्कार भेटतील. पाणी पुरत नसताना चोथा घातला तर अजून घट्ट बसतं.

आणि चाला. अंगणात, गच्चीवर, कुठंही. ऊन उतरल्यावर. मी सकाळी कोमट पाण्याचे घोट घेत गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि बऱ्याचदा तिथूनच घाईनं परत यावं लागायचं.

सीताफळवाली

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं आहारतज्ज्ञ मॅडमना फोन लावला, चारही गोष्टी एका दमात सांगितल्या. त्यांनी डॉक्टरांना विचारून पावडर लिहून दिली आणि मळमळ नसेल तर उलटीची गोळी बंद करा म्हणाल्या. मळमळ मला तशी नव्हतीच, फाईलवर होती म्हणून घेत होते.

पावडर दिवसभर घोट घोट घेतली. पहिल्या दिवशी नुसती गुरगुर. दुसऱ्या दिवशी पहाटे झालं. सुरुवातीला कडक, त्याच्यामागं मऊ. जरा लाल थेंब दिसले आणि आग झाली. मॅडम म्हणाल्या, कडक गेल्यानं चीर पडली असेल, टबात कोमट पाण्यात बसा दिवसातून दोन-तीनदा, टाक्यांना पाणी लागू देऊ नका, आणि रक्त वाढलं तर दाखवायला या. कपडे भिजवायचं मोठं घमेलं आहे, त्यातच बसतेय.

बाटली सासूबाईंनी उचलली. म्हणाल्या, "सिस्टरचा फोन नंबर आहे का? मला पण एक विचारायचंय." आता बोला.

मानवतकर

मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा. बायकोचं वजनाचं बायपास झालंय, हृदयाचं नाही. परवा तिला एकदम काळी शी झाली, काळीकुट्ट. घरात गोंधळ. मेव्हणा म्हणे आतून रक्त जायलंय, रात्रीच गाडी काढा. तालुक्याच्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं काय ऑपरेशन आहे ते न विचारता दुखण्याचं इंजेक्शन भरायला घेतलं. तिनं स्वतःच हात मागं घेतला आणि म्हणाली, आमच्या डॉक्टरनं हे इंजेक्शन घ्यायचं नाही म्हणून लिहून दिलंय. शेवटी आमच्या सर्जनला फोटो पाठवला (हो, शीचा फोटो, काय करता). ते म्हणाले, लोहाच्या गोळीनं आहे, नाडी आणि बीपी मात्र बघून कळवा. सगळं ठीक निघालं. पण ओळखायचं कसं? दर वेळी फोटो पाठवायचा का?

वॉर्डातली_सिस्टर

मानवतकर दादा, वहिनींना माझा सलाम. ते इंजेक्शन बहुधा डायक्लोफेनॅक असणार. बायपासमध्ये जिथं जोड दिलेला असतो तिथं असल्या औषधांनी अल्सर होतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवा. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर ते मनानं बंद करायचं नाही, सर्जनना विचारायचं.

काळ्या रंगाचं असं. लोहाची शी हिरवट-काळी, बांधलेली, नेहमीच्या वासाची. रक्ताची असेल तर डांबरासारखी चिकट, चकाकणारी, पातळसर आणि एक विचित्र उग्र वास, जो एकदा आला की माणूस विसरत नाही. सोबत चक्कर, घाम, धडधड, अंग पांढरं पडणं असेल तर फोटो-बिटो काढत बसू नका, निघा. शंका असेल तरी निघा. घरबसल्या रंगावरून शंभर टक्के कोणालाच सांगता येत नाही, मला पण नाही.

आता विषय निघालाच आहे तर हे पण वाचा, कारण आपल्याकडं सगळं "गॅस झाला असेल" वर ढकलतात. शांत बसलेलं असताना नाडी १२० च्या वर राहतेय, ताप आहे, पोट कडक दुखतंय, डाव्या खांद्यात कळ येतेय, श्वास लागतोय, तर ते शिवणीतून गळती होत असल्याचं लक्षण असू शकतं. गळती बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच होते. पहिल्या एक-दोन दिवसांत दुर्बिणीसाठी भरलेल्या वायूनंही खांदा दुखतो, पण तो उतरत जातो. घरी आल्यावर नव्यानं सुरू झाला तर तो गॅस धरू नका. तसंच शी नाही, वारा पण सरत नाही, पोट नगाऱ्यासारखं आणि उलट्या, तर आतडं अडकलं असू शकतं. अशा वेळी कोणतंही ढाळक द्यायचं नाही. तर्री दादांसारखे जुलाब असतील आणि त्यात ताप किंवा रक्त आलं तर जुलाब थांबवायची गोळी मनानं घेऊ नका. अँटिबायोटिक झाल्यानंतरचे जुलाब कधी वेगळ्या जंतूचे असतात, त्याची तपासणी लागते.

अजून एक, सलाईनचं. गावाकडं जरा अशक्त वाटलं की "दोन बाटल्या लावून घेतो" म्हणतात. ऑपरेशननंतर काही आठवडे उलट्या किंवा जुलाब चालू असतील तर अंगातलं बी-१, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. त्यावर नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यापुढं दोन-दोन दिसणं, तोल जाणं, पाय बधिर होणं, बोलण्यात गडबड ही त्याची चिन्हं. तेव्हा सलाईन लावणाऱ्याला आधी सांगायचं, "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्या." आगाऊ म्हणाले तर म्हणू द्या.

नांदेडी_नाना

हे सलाईनचं मला ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीत एकीचं ऑपरेशन झालंय, तिच्या नवऱ्याला उद्याच सांगतो.

तांबडी_तर्री

सिस्टर, एक राहिलं. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून मला सहा महिने एक गोळी दिलीय, अर्सोडिऑक्सीकोलिक की कायतरी. ती घेतली की त्या दिवशी दोन फेऱ्या जास्त. बंद करू का?

आणि बाकीच्यांसाठी: घरच्यांनी लाडानं मला बार्शी रोडला रसवंतीवर थांबवलं, अर्धा ग्लास उसाचा रस पाजला. पंधरा मिनिटांत घाम, छाती धडधड, पोटात कळ आणि पळापळ. याला डम्पिंग म्हणतात. गोड भसकन आतड्यात उतरतं आणि ते पातळ करायला आतडं अंगातलंच पाणी ओढतं. काहींना लगेच न होता तासा-दोन तासांनी होतं, साखर एकदम खाली येते, हातपाय कापतात. मला वाटलं हार्ट अटॅकच आला. रसवंतीवाला बिचारा घाबरून लिंबू पिळून द्यायला लागला.

एसटीचा प्रवास असेल तर मी निघायच्या तीन तास आधी खाणं बंद करतो आणि खिडकीपेक्षा दाराजवळची सीट धरतो.

वॉर्डातली_सिस्टर

गोळी बंद करू नका. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा पित्तात खडे धरतात, त्यासाठीच ती आहे. तिनं काहींना पातळ होतं हे खरं. जेवणाबरोबर घेऊन बघा, तरी त्रास राहिला तर डॉक्टर डोस वाटून देतात. आणि पातळ शी महिनोन्‌महिने चालली, वजन नको तितकं उतरायला लागलं, पायावर सूज आली तर अंगावर काढू नका. मिनी बायपासमध्ये प्रथिनं कमी पडण्याचा धोका खरा आहे.

सीताफळवाली

परत आले. आता घोटलेल्या खाण्यावर आहे. पावडर रोज लागत नाही, एक-दोन दिवसांआड घेते. चीर भरत आली. शाळा सुरू व्हायच्या आत सगळं मार्गी लागलं तर बरं, कारण आमच्या शाळेत बायकांच्या संडासला पाणी बाहेरून बादलीनं न्यावं लागतं आणि मला तर बादली उचलायची नाही. हेडमास्तरांना काय कारण सांगायचं हा वेगळा धागा होईल.

दोन प्रश्न. कॅल्शियमच्या गोळीनं परत घट्ट होतंय असं वाटतं, खडूसारखी मोठी गोळी आहे. आणि आषाढी येतेय. सासूबाई म्हणतात, तू तशीही काही खात नाहीस, उपवास धरलास काय, न धरलास काय.

हुलग्याचं_माडगं

😂 सासूबाईंना एक आयडी काढून द्या इथं.

गोळीवर कॅल्शियम कार्बोनेट लिहिलंय का बघ. माझं बदलून सायट्रेट दिलं होतं, त्यानं खडा कमी होतो आणि जठरात आम्ल कमी असलं तरी शोषलं जातं. आमच्या इथं प्रत्येक मेडिकलला नसतं, आधी सांगून मागवावं लागतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी जाऊ दे, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

वॉर्डातली_सिस्टर

सायट्रेटचं बरोबर, पण डॉक्टरांना विचारून बदला, डोस वेगळा बसतो. त्याच वेळी विचारा की सकाळची ॲसिडिटीची गोळी अजून किती महिने घ्यायची, बरेच जण ती मनानं सोडतात.

उपवास यंदा नको. निर्जळी तर नाहीच नाही. साबुदाणा चिकट, त्यात प्रथिनं जवळपास नाहीत, आणि या नळीत तो अडकून बसतो. फारच वाटलं तर मऊ भगर दह्यात कालवून दोन चमचे आणि प्रोटीन नेहमीसारखं. शेंगदाण्याची आमटी नको. पाण्याचं टोपण चालूच.

सीताफळवाली

भगरीवर सासूबाई तयार झाल्या. मंगळवारी संभाजीनगरला तपासणीला जायचंय, सायट्रेटचं आणि ॲसिडिटीच्या गोळीचं विचारून इथं लिहिते. तर्री दादा, अंबाजोगाई-संभाजीनगर गाडीत दाराजवळची सीट कितव्या नंबरची असते?